मानमोडीनंतरचा न्यूमोनिया



मी डॉक्टर नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. माझे शालेय शिक्षण आठवीपाशी थांबले. पुढे जे काही शिकलो ते अंबडच्या कारखान्यात यंत्रापाशी उभे राहून, गेटसभांत बोलून आणि रात्री सार्वजनिक वाचनालयातून आणलेली पुस्तके चाळून. मग अशा माणसाने इंदिरानगरच्या सुजाण श्रोत्यांपुढे एका रोगाचा इतिहास सांगावयास का उभे राहावे? त्याचे कारण एवढेच की, या रोगाचा अर्धा इतिहास डॉक्टरांच्या ग्रंथांत आहे आणि उरलेला अर्धा कामगारांच्या हजेरीपत्रकात. पहिला अर्धा मी वाचून सांगणार आहे; दुसरा मला थोडासा जवळून पाहावा लागला आहे.

माझी आजी सिन्नर तालुक्यातली. १९१८ साली ती दहा वर्षांची होती. त्या वर्षाला ती सन म्हणून ओळखत नसे. ‘मानमोडीचे साल’ म्हणे. इन्फ्लुएंझा हा शब्द तिच्या कानावरून कधी गेला असेल असे मला वाटत नाही. माणूस सकाळी शेतात जातो, दुपारी अंग मोडून येते, मान टाकतो आणि आठवड्याभरात जातो, म्हणून लोकांनी त्या साथीला मानमोडी हे नाव दिले. आजी मरणाऱ्यांची संख्या सांगत नसे. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगे : “अरे, औषधाचं काय घेऊन बसलास? घरात सगळीच निजलेली. पाणी द्यायला माणूस नव्हता.” लहानपणी मला ते म्हातारीचे दुःख वाटे. पुढे पुस्तके वाचल्यावर कळले की, त्या साथीचे अर्धे वैद्यकशास्त्र आजीने एका वाक्यात सांगितले होते.

आता त्या वर्षाकडे वळू. पहिले महायुद्ध संपत आले होते आणि मुंबई बंदरात सैनिकांची जहाजे ये-जा करीत होती. १९१८ च्या जून महिन्यात गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून इस्पितळात दाखल झाले. ताप हिवतापाचा नव्हता. पाठोपाठ गोदी, जहाज कंपन्यांच्या कचेऱ्या, टपाल-तारखाते आणि गिरण्या यांतून माणसे आजारी पडू लागली. शहराचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांनी मे अखेरीस आलेल्या जहाजाकडे बोट दाखविले. ही पहिली लाट तशी सौम्य होती. माणसे चार दिवस निजली आणि उठली. जुलैत लोकांना वाटले, संकट टळले.

परंतु सप्टेंबरात दुसरी लाट आली आणि तिचे रूप निराळे होते. ऑक्टोबरच्या ६ तारखेला एकट्या मुंबई शहरात ७६८ माणसे मृत्यू पावली. तेथून आगगाडीच्या रुळांवरून ती साथ दख्खनभर, वऱ्हाडात, मध्य प्रांतात आणि पंजाबपर्यंत पसरली. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. धान्याचे भाव युद्धामुळे आधीच चढलेले होते. खरिपाचे जे थोडे हाती यावयाचे ते काढण्याच्या आणि रब्बीच्या पेरणीच्या ऐन दिवसांत खेडीच्या खेडी अंथरुणाला खिळली. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर मेजर नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ साली अहवाल लिहिला, त्यात देशातील मृत्यू साठ लाखांच्या घरात धरले होते. पुढील अभ्यासकांनी जन्ममृत्यूची दप्तरे आणि जनगणना ताडून पाहिली, तेव्हा हा आकडा सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत गेला. जगात कोणत्याही एका देशात त्या साथीने इतकी माणसे नेली नाहीत. १९११ पासून १९२१ पर्यंतच्या दहा वर्षांत हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली, यावरून त्या संहाराची कल्पना यावी.

या मृतांत म्हातारेकोतारे कमी आणि वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसे अधिक होती. आपल्या देशात तर पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मेल्या. घरातली बाई स्वतः तापात असताना इतरांची उठबस करीत होती, कोंदट घरात रोग्यांच्या सहवासात होती आणि तिच्या पानात सर्वांत शेवटी पडत होते. कारणे शोधण्यास फार लांब जावे लागू नये.

येथे एक प्रश्न उभा राहतो. जी साथ जूनमध्ये चार दिवसांचा ताप देऊन गेली, तिने ऑक्टोबरात माणसे मारली ती कशाने? विषाणूचे रूप अधिक उग्र झाले, हे एक कारण होय. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. त्या वेळचे डॉक्टर लिहून ठेवतात की, पुष्कळ रोगी तापाच्या पहिल्या तडाख्यात जात नसत. ताप तीन-चार दिवसांनी उतरे, रोग्याला बरे वाटू लागे, तो उठून बसे. आणि मग पुन्हा थंडी वाजून ताप भरे, छातीत कळ येई, श्वास भात्यासारखा चाले, थुंकी गंजाच्या रंगाची होई, ओठ निळे पडत, आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत सारे आटोपे. हा दुसरा ताप म्हणजे न्यूमोनिया, अर्थात फुफ्फुसाचा दाह. इन्फ्लुएंझाने दार फोडावे आणि त्या दारातून दुसऱ्यानेच आत शिरून खून करावा, असा हा प्रकार होता.

ते दार कसे फुटते, हे आज आपल्याला माहीत आहे. आपल्या श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला अतिसूक्ष्म केसांची लव असते. ती रात्रंदिवस वरच्या दिशेने हलत राहते आणि श्वासाबरोबर गेलेली धूळ, कफ व जंतू घशाकडे लोटून देते. इन्फ्लुएंझाचा विषाणू नेमके हेच अस्तर जाळून टाकतो आणि रक्तातील पहारेकरी पेशींनाही काही दिवस दुबळे करतो. आता, न्यूमोनियाचे जंतू कोठून परदेशातून यावे लागत नाहीत. न्यूमोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, स्टॅफिलोकॉकस, हिमोफिलस ही मंडळी आपल्यापैकी अनेकांच्या नाकाघशात एरवी बिऱ्हाड करून राहतातच. झाडणारा निजला, पहारेकरी गुंगला, की ती खाली फुफ्फुसात उतरतात. अस्तर पुन्हा नीट भरून येण्यास काही आठवडे लागतात. म्हणूनच ताप उतरला म्हणजे रोग गेला, ही समजूत घातक आहे. ताप उतरल्यानंतरचे दहा-पंधरा दिवस हेच खरे जोखमीचे.

पण १९१८ साली हे चित्र असे स्वच्छ नव्हते. जर्मनीतील रिचर्ड फायफर यांना १८९२ साली इन्फ्लुएंझाच्या रोग्यांच्या थुंकीत एक जंतू सापडला होता आणि तोच या रोगाचे मूळ, असे जग मानीत होते. वस्तुतः तो दारातून शिरणाऱ्यांपैकी एक होता. खरा विषाणू माणसातून वेगळा काढण्यास १९३३ साल उजाडावे लागले. लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तिघांनी मुंगसासारख्या फेरेट नावाच्या प्राण्यावर प्रयोग करून तो दाखविला. आणि १९१८ च्या बळींचे काय? अमेरिकेत त्या काळच्या ५८ मृत सैनिकांच्या फुफ्फुसांचे तुकडे मेणात जतन करून ठेवलेले होते. २००८ साली मोरेन्स, टाउबेनबर्गर आणि फाउची यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासले आणि जुन्या आठ हजारांहून अधिक शवविच्छेदनांच्या नोंदी चाळल्या. निष्कर्ष निघाला तो असा की, बहुसंख्य मृत्यू मागून आलेल्या जंतुजन्य न्यूमोनियाने झाले होते. नव्वद वर्षांनी मारेकऱ्याची ओळख पटली!

मग त्या वेळी उपचार काय होते? क्विनीन, अॅस्पिरिन, कापूर, ब्रँडी, वाफारा, मिठाच्या वा परमँगनेटच्या पाण्याच्या गुळण्या. यांपैकी न्यूमोनियाच्या जंतूला मारणारे एकही नव्हते. परळच्या ज्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचे नाव मिळाले, तिच्यासारख्या ठिकाणी मारलेल्या जंतूंची लस तयार करण्याचे प्रयत्न झाले. पण साथीच्या वेगापुढे ते तोकडे होते. असे असताही एका गोष्टीने माणसे वाचत होती आणि ती म्हणजे शुश्रूषा. अंथरुणात पडून राहणे, वेळेवर पाणी आणि पेज मिळणे, उघडी हवा मिळणे, अंग पुसून पांघरूण घालणारे कोणी असणे. शरीराला सात-आठ दिवसांची सवड मिळाली तर ते पुष्कळदा स्वतःच जंतूवर मात करी. आजीचे वाक्य आठवा : पाणी द्यायला माणूस नव्हता.

मुंबईत ही उणीव भरून काढण्यासाठी नागरिक पुढे आले. सर नारायण चंदावरकर ज्या संस्थेचे अध्यक्ष होते आणि नारायण मल्हार जोशी जिचे प्राण होते, त्या सोशल सर्व्हिस लीगने चाळीचाळींत मदत नेली. निरनिराळ्या जातिजमातींच्या मंडळांनी तात्पुरती इस्पितळे उघडली आणि औषधे, दूध, घोंगड्या वाटल्या. हेच ना. म. जोशी पुढे दोन वर्षांनी, १९२० च्या ऑक्टोबरात, मुंबईतच स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांत होते. लोकसेवेकडून कामगार संघटनेकडे जाणारी त्यांची वाट आधीपासूनची होती. ती साथीने घडविली असे मी म्हणणार नाही. परंतु ज्याने चाळीतली ती खोली आतून पाहिली, त्याला केवळ दूध वाटून भागणार नाही हे कळले असेल, असे म्हणण्यात अतिशयोक्ती होणार नाही.

कारण त्या खोल्यांचा हिशेब सरकारी दप्तरातच लिहिलेला आहे. मुंबई शहरात या साथीतील मृत्यूंचे प्रमाण जातिवार व धर्मवार मोजले गेले. दर हजारी युरोपियन मेले ८.३, पारशी ९, इतर हिंदू १८.९, मुसलमान १९.२ आणि ज्यांना दप्तरात ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले होते ते ६१.६. एकच शहर, एकच हवा, एकच विषाणू, आणि मरणात सातपटीहून अधिक अंतर! विषाणू काही जात विचारून शिरत नाही. पण एका खोलीत किती माणसे निजतात, पोटात काय गेले आहे, आजारी माणसाला निजून राहता येते की दुसऱ्या दिवशी पाळीला जावे लागते, आणि त्याच्या उशाशी कोण बसते, हे सारे समाज विचारतो. त्या काळी मुंबईची साधारण दोनतृतीयांश वस्ती एकेका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. रोजंदारीच्या माणसाला रजा नावाची वस्तू ठाऊक नव्हती. पुढच्याच जानेवारीत, म्हणजे १९१९ साली, मुंबईच्या लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी संप केला तो महागाईपायी. पण साथीतून उठलेल्या माणसांचा तो संप होता, हे विसरता कामा नये.

आता कोणी म्हणेल, हे संघटनेचे पुढारी प्रत्येक गोष्टीत मजुरी आणि राहणीच पाहतात. म्हणून दोन उदाहरणे परक्या मुलुखातली देतो, आणि तीही कामगार पुढाऱ्यांची नव्हेत. दक्षिण आफ्रिकेत रँडच्या सोन्याच्या खाणीत नव्याने भरती झालेले मजूर न्यूमोनियाने इतके मरत की खाणमालकांनी इंग्लंडहून सर आल्मरॉथ राइट यांना बोलाविले. १९११ साली त्यांनी तेथे न्यूमोकॉकसच्या लसीचा पहिला मोठा प्रयोग केला आणि पुढे स्पेन्सर लिस्टर यांनी ते काम चालू ठेवले. त्याच खाणमालकांनी १९१३ साली अमेरिकेच्या लष्करी सेवेतील डॉ. गॉर्गस यांनाही सल्ल्यासाठी पाचारण केले. पनामाचा कालवा खणताना गॉर्गस यांनी एक गोष्ट पाहिली होती : मजूर दाटीच्या बराकींतून निघून बायकामुलांसह आपापल्या झोपड्यांत राहू लागले आणि न्यूमोनिया झपाट्याने कमी झाला. रँडवरही त्यांनी तोच सल्ला दिला, की माणसाला निजण्यास अधिक जागा द्या. एक वाट लसीची आणि दुसरी मोकळ्या जागेची. शास्त्राच्या दृष्टीने दोन्ही खऱ्या. आपण दोन्ही धरावयाच्या की एकच, हा प्रश्न मात्र शास्त्राचा नाही.

लसीच्या त्या वाटेचे फळ हाती येण्यास फार काळ गेला, कारण मध्येच औषधे आली आणि लोकांना वाटले, आता लसीचे काय काम! १९३८ साली मे अँड बेकर या इंग्रजी कंपनीने सल्फापिरिडीन हे औषध काढले. प्रयोगशाळेतील त्याचा क्रमांक ६९३, म्हणून त्याला एम अँड बी ६९३ म्हणत. बर्मिंगहॅमच्या इस्पितळात न्यूमोनियाच्या शंभर रोग्यांना ते दिले, शंभरांना दिले नाही. न दिलेल्यांत २७ दगावले, दिलेल्यांत ८. मागोमाग पेनिसिलीन आले. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली पाहिलेली ती बुरशी दुसऱ्या महायुद्धात कारखान्यातून औषध होऊन बाहेर पडली. पण परदेशचे पेनिसिलीन आपल्या गरिबाला परवडावे कसे? त्याला उत्तर मिळाले ते आपल्या पिंपरीत. १९५४ साली तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५५ पासून या देशाचे स्वतःचे पेनिसिलीन निघू लागले. माझ्या लेखी भाक्रा धरणाइतकेच ते राष्ट्रकार्य होते.

आणि परीक्षा लगेच आली. १९५७ च्या मे महिन्यात सिंगापूरहून मद्रासला आलेल्या जहाजातून ‘एशियन फ्लू’ देशात उतरला. १९५८ च्या फेब्रुवारीपर्यंत सुमारे ४४ लाख रोग्यांची नोंद झाली. नोंदलेले मृत्यू १,०९८. नोंदीत न आलेले पुष्कळ असतील आणि तो विषाणूही १९१८ इतका उग्र नव्हता. सारे श्रेय पेनिसिलीनला देणे सत्याला धरून होणार नाही. तरीही दार फुटल्यावर आत शिरणाऱ्याला आता अडविता येत होते, हा फरक मोठा होता. त्याच साथीने एक इशाराही दिला. पाश्चात्त्य देशांतील इस्पितळांत पेनिसिलीनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस आढळू लागला होता आणि इन्फ्लुएंझानंतर तो काही तासांत माणूस नेत होता. औषध आले म्हणजे लढाई संपली, असे त्याने म्हणू दिले नाही.

हा इशारा आज आपल्या गल्लीपर्यंत आला आहे. साधी सर्दी-पडसे झाले की औषधांच्या दुकानात जाऊन तीन दिवसांच्या ‘मोठ्या गोळ्या’ मागण्याची सवय आपल्याला लागली आहे. इन्फ्लुएंझा हा विषाणूचा रोग. जंतूनाशक गोळी त्याला काही करीत नाही. ती केवळ आपल्या नाकाघशातल्या जंतूंना मात्र शिकवून शहाणे करते. उद्या तेच जंतू फुफ्फुसात उतरले की तीच गोळी बोथट ठरते. म्हणून नियम असा : निष्कारण एकही गोळी नको आणि खरा न्यूमोनिया झाल्यावर एका तासाचीही दिरंगाई नको.

दिरंगाई टळली तर काय होते, याचा दाखला गडचिरोलीने जगाला दिला. १९८८ पासून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातल्याच माणसांना लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखण्यास शिकविले. श्वास मोजावयाचा आणि ठरलेले साधे औषध तेथल्या तेथे सुरू करावयाचे. १९९० साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. जेथे असे उपचार मिळाले तेथे न्यूमोनिया झालेल्या शंभरांतले एकही पुरते मूल दगावले नाही, प्रमाण ०.८ टक्के, जेथे मिळाले नाहीत तेथे १३.५ टक्के. औषध नवे नव्हते. ते दारापर्यंत आणणारे माणूस नवे होते.

२००९ साली स्वाइन फ्लू आला आणि देशातील त्याचा पहिला बळी ३ ऑगस्टला आपल्या पुण्यात, एका शाळकरी मुलीचा, गेला. त्या साथीत अमेरिकेत ७७ मृतांच्या फुफ्फुसांची तपासणी झाली, त्यांपैकी २२ जणांत मागून शिरलेले जंतू सापडले. म्हणजे नव्वद वर्षांनी, सर्व औषधे हाताशी असताना, तो जुना मारेकरी अद्याप कामावर हजर होता.

आता मी हजेरीपत्रकाकडे येतो. हे सांगणे मला सुखाचे नाही.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ज्या कारखान्यात संघटनेचे काम पाहत असे, तेथे एक ओतकाम करणारा कामगार होता. वय चाळिशीच्या आत. ओतशाळेतील वाळूच्या धुळीने त्याची छाती आधीच थोडी धरलेली. ऐन पावसाळ्यात त्याला ताप आला, अंग ठणकू लागले. तीन दिवस घरी राहिला. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि पाचव्या दिवशी तो पाळीला हजर झाला. मी त्याला फाटकाशी पाहिले. “कसं आहे?” म्हणून विचारले. “उतरला ताप, साहेब. आता अजून खाडा झाला तर बक्षीस जाईल,” तो म्हणाला. तीन खाडे माफ होते, चौथ्याला महिन्याचे हजेरी बक्षीस बुडत असे. दोन दिवसांनी त्याला थंडी वाजून पुन्हा ताप भरला. त्याने घरात उरलेल्या गोळ्या घेतल्या आणि आणखी एक पाळी केली. इस्पितळात नेले तेव्हा दोन्ही फुफ्फुसे भरली होती. तिसऱ्या दिवशी तो गेला.

दहाव्यानंतर मी त्याच्या घरी गेलो. नुकसानभरपाईच्या कागदांविषयी बोललो. त्याची बायको सारे ऐकून घेत होती. शेवटी तिने एवढेच विचारले, “भाऊ, घरी राहिला असता तर किती पैसे गेले असते?” मी म्हणालो, “साडेतीनशे.” ती काही बोलली नाही. मला मात्र त्या वेळी जे सांगता आले नाही ते आज सांगतो. हजेरी बक्षिसाचे ते कलम ज्या करारात होते, त्यावर व्यवस्थापनाची एकट्याची सही नव्हती. आमच्या संघटनेचीही होती आणि सही करणारा हात माझा होता. पगारात साडेतीनशेची वाढ मिळविली म्हणून त्या दिवशी आम्ही फाटकावर पेढे वाटले होते. आजारी माणसाला अंथरुणातून उठवून आणणारे कलम आम्हीच पदरात पाडून घेत आहोत, हे माझ्या ध्यानात आले नाही. १९१८ मधल्या ६१.६ या आकड्यावर मी आज तावातावाने बोलतो, त्यामागे हे आहे.

या घटनेनंतर जे करार आम्ही केले, त्यांत डॉक्टरी दाखल्याची आजाररजा हजेरी बक्षिसातून वगळण्याचा आग्रह धरला. काही ठिकाणी यश आले, काही ठिकाणी नाही. परंतु हा केवळ एका कारखान्याचा प्रश्न नव्हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आजारविम्याचा ठराव १९२७ साली केला. आपल्याकडे कामगार राज्य विमा कायदा झाला १९४८ साली आणि योजना प्रत्यक्ष सुरू झाली १९५२ च्या फेब्रुवारीत, कानपूर व दिल्ली येथे. मानमोडीपासून मोजले तर चौतीस वर्षे. या योजनेत विमेदार कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत सुमारे सत्तर टक्के वेतन आजारभत्ता म्हणून मिळते. ही लहान गोष्ट नव्हे. हे अंथरुणात पडून राहण्याचे कायदेशीर औषध आहे. पण बांधकामावरचा बिगारी, घरकाम करणारी बाई, भाजीची गाडी लावणारा, आणि कंत्राटदाराने ज्याचे नावच कधी विम्यात भरले नाही असा कामगार, यांच्या वाट्याला ते आजही सहसा येत नाही. त्यांचा ताप उतरला की तिसऱ्या दिवशी ते कामावर असतात. आपल्या घरी पोळ्या करणारी बाई तापातून उठून आली, तर तिला परत पाठवून तिचे दिवस न कापणे, हा न्यूमोनियावरचा प्रतिबंधक उपाय आहे असे मी म्हटले, तर आपण हसू नये.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून पुरे करतो. इन्फ्लुएंझाची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. आपल्याकडे त्याचा जोर पावसाळ्यात आणि पुन्हा थंडीच्या अखेरीस असतो, म्हणून पावसाळ्यापूर्वी घेतलेली बरी. वृद्ध, गरोदर स्त्रिया, मधुमेह, दमा, हृदयविकार असलेले आणि धुळीत काम करणारे यांनी ती विशेष लक्षात ठेवावी. न्यूमोकॉकसची लस आता लहान मुलांना सरकारी लसीकरणात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत मोफत मिळते. २०२१ पासून ती देशभर आहे. यांपैकी एक लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वस्तात तयार केली, हेही आपल्याला अभिमानास्पद आहे. रँडच्या खाणीत १९११ साली सुरू झालेली वाट अशी आपल्या अंगणात पोहोचली. मोठ्या माणसांसाठीही ही लस आहे. ती कोणी घ्यावी हे डॉक्टरांना विचारावे. बिडी-सिगारेट आणि चुलीचा धूर श्वासनलिकेची ती लव रोजच जाळतात, हे ध्यानात असू द्यावे.

ताप आला तर घरी राहावे, पाणी भरपूर प्यावे, इतरांपासून दूर राहावे. प्रकृती नाजूक असलेल्यांनी पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टरांकडे जावे, कारण विषाणूवरचे औषध त्याच वेळी अधिक गुणकारी असते. आणि ज्याच्यासाठी हे सारे व्याख्यान केले ती खूण म्हणजे ही : बरे वाटून पुन्हा ताप चढला, धाप लागली, छातीत कळ आली, थुंकी पिवळी वा लालसर झाली, म्हाताऱ्या माणसाचे बोलणे विसंगत होऊ लागले, तर सकाळची वाट पाहू नये. लहान मुलाचा श्वास मिनिटभर घड्याळ लावून मोजावा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा त्याहून अधिक भरला, की उठून निघावे. प्राणवायू आणि योग्य जंतूनाशक वेळेवर मिळाले तर यांतले बहुतेक वाचतात. दिलेली औषधे पुरी करावी आणि उठल्यावरही आठवडा-पंधरवडा अंगाला जपावे.

माझी आजी मानमोडीतून वाचली ती कशी, हे मी तिला एकदा विचारले होते. तिची थोरली चुलती आधी आजारी पडून आधी उठली होती आणि गावातील घरोघर कळशी घेऊन फिरत होती. ती आजीच्या घरी दिवसातून दोनदा येई. एवढेच. आज कळशीच्या जागी लस आहे, पेनिसिलीन आहे, प्राणवायूची नळकांडी आहेत. पण आजाऱ्याला पडून राहू देणारे आणि त्याच्या दारापर्यंत जाणारे माणूस तेव्हा लागत होते तसेच आजही लागते. त्या चुलतीचे नाव आजीला शेवटपर्यंत पाठ होते. आपल्या वस्तीत पुढच्या पावसाळ्यात कोणाच्या घरी दिवा लागला नाही, हे ज्याच्या लक्षात येईल, त्याने दार ठोठावावे, एवढेच मागणे मागून मी आपली रजा घेतो.